इंजिन बदललं, पण गाडी?

मुलांनो, मोटारसायकलला किक मारतात हे तुम्ही रोज पाहता. पण जीपला किक मारून सुरू करताना कधी कुणाला पाहिलंय? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात ही गंमत खरोखर घडली. तेच देवराष्ट्रे, जिथे 1913 साली यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला आणि ज्याच्या शेजारी सागरेश्वरचं अभयारण्य आहे. या गावातले दत्तात्रय लोहार यांचा धंदाच लोखंडाचा. मुलाला चारचाकी हवी होती, पण विकत घेण्याइतके पैसे नव्हते. मग त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवले, दुचाकीचं इंजिन घेतलं आणि त्याच्याभोवती एक छोटी जीप उभी केली. खर्च आला साधारण साठ हजार रुपये. पुढून पाहिलं तर अगदी जीप! सुरू करायची मात्र किक मारून.

डिसेंबर 2021 मध्ये या गाडीची चित्रफीत देशभर पाहिली गेली. महिंद्र कंपनीचे आनंद महिंद्र यांनीही ती पाहिली आणि लोहारांच्या कल्पकतेचं जाहीर कौतुक केलं. पण त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या सरकारी अधिकारी ती रस्त्यावर थांबवणार; तेव्हा ही गाडी आम्हाला द्या, तिच्या बदल्यात बोलेरो घ्या. घरच्यांचं मन आधी तयार होत नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. का होईल? स्वतःच्या हातानं घडवलेली वस्तू! अखेर जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली. लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि किकवाली जीप कंपनीच्या संग्रहासाठी गेली.

आता खरा प्रश्न. गाडी चालत होती. वळत होती. मग ती नियमात का बसत नव्हती? एका गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या गाडीला बसवलं, ते धडधड सुरू झालं, चाकं फिरली, म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. तसं ते नाही. का नाही, तेच आज पाहू या.

इंजिनांचा मुलूख

आपल्या सातारा-सांगलीकडे ‘इंजिन’ म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे मोटार येत नाही, विहिरीवरचं इंजिन येतं. डिझेलवर चालणारं, फुक् फुक् आवाज करत पाणी उपसणारं. त्याचं कारणही जवळच आहे. देवराष्ट्र्याहून फार लांब नाही असं किर्लोस्करवाडी हे गाव. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना सुरू केला. हे लक्ष्मणराव आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, मग बेळगावला त्यांचं सायकलींचं दुकान होतं. कारखान्यासाठी जागा दिली ती औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी. ते औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. आधी लोखंडी नांगर, मग पंप, मग इंजिनं. त्यामुळे इकडे खेडोपाडी इंजिन उघडणारा, पिस्टनच्या रिंगा बदलणारा माणूस सापडतोच. (माझ्या वर्गातली चौथीची काही मुलं ‘पिस्टन’ हा शब्द भूगोलातल्या शब्दांच्या आधी शिकलेली असतात!)

ज्याला इंजिन उघडता येतं, त्याला ते बदलण्याचाही मोह होतो. तुमच्या आजोबांना विचारा. पूर्वी पेट्रोलच्या जुन्या जीप आणि अँबॅसॅडर गाड्यांतलं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवून घेणारे पुष्कळ होते. कारण सरळ होतं, डिझेल स्वस्त. वडाप करणाऱ्याला दिवसाला किती पैसे उरतात याचाच हिशेब असतो.

दिसायला पैलवान, पण दम कमी

इंजिनबदल फक्त घरगुती मेस्त्रीच करतात असं नाही हं! मोठमोठ्या कारखान्यांनीही तो केला आहे. त्याचा सगळ्यांत मजेदार नमुना म्हणजे काँटेसा.

ही गाडी हिंदुस्थान मोटर्सनं 1984 मध्ये बाजारात आणली. लांबलचक बॉनेट, चार दिवे, रुंद बांधा. रस्त्यानं गेली की माणसं वळून पाहायची. तिचा साचा होता 1970 च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या इंग्लंडमधल्या गाडीचा. पण बॉनेट उघडलं की आत काय? अँबॅसॅडरचं 1489 सीसीचं जुनं इंजिन! ताकद सुमारे 50 हॉर्सपॉवर. म्हणजे अंगानं पैलवान आणि दम पहिलीतल्या पोराचा. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट तुम्ही चढला असाल. भरलेली गाडी तिथे दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नको म्हणते. अशा घाटात नुसतं रूप उपयोगाचं नाही.

मग कंपनीनं काही वर्षांतच इंजिन बदललं. जपानच्या इसुझू कंपनीच्या रचनेचं 1817 सीसीचं इंजिन आलं. ताकद 88 हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आणि नीट लक्ष द्या, त्याबरोबर चारऐवजी पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. नुसतं इंजिन आलं नाही. पुढे 1990 च्या दशकात हेच इसुझू इंजिन अँबॅसॅडरलाही मिळालं. काँटेसा 2002 मध्ये बंद झाली, पण तिचे शौकीन आजही आहेत, आणि जुनी काँटेसा घेऊन तिला दुसरं इंजिन बसवण्याची स्वप्नं पाहणारे तर फारच!

उलटा प्रकारही झाला होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं 1985 मध्ये स्टँडर्ड 2000 ही गाडी काढली. रूप होतं रोव्हरच्या झकास इंग्लिश गाडीचं, पण इंजिन जुनंच. लोकांनी पाठ फिरवली आणि तीन वर्षांत गाडी बंद पडली.

मेस्त्री काय काय करतात?

समजा, एखाद्या काकांनी घरच्या अंगणात जुन्या काँटेसाचं इंजिन बदलायला घेतलं. काय काय करावं लागेल?

आधी बॅटरीची वायर सोडायची. रेडिएटरचं पाणी आणि इंजिनातलं ऑइल काढून घ्यायचं, पेट्रोलची नळी बंद करायची. बॉनेट उतरवायचं. मग चेन-कप्पी लावून इंजिन वर उचलायचं. चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन शंभर किलोच्या पुढेच भरतं. साखळीला टांगलेल्या इंजिनाखाली कधीही, अगदी पडलेला पान्हा उचलायलासुद्धा, हात किंवा डोकं घालायचं नाही. मुलांनी तर दहा पावलं लांबच उभं राहायचं.

नवं इंजिन आत उतरलं, तरी ते टेकायचं कशावर? प्रत्येक इंजिनाचं फौंडेशन वेगळं. म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्या जागा वेगळ्या. त्या चेसिसवर नव्यानं तयार कराव्या लागतात. वेल्डिंग कच्चं राहिलं तर खड्ड्यात गाडी आपटताच इंजिन खाली!

त्याहून नाजूक काम पुढेच आहे. इंजिनाच्या मागच्या तोंडाला गिअरबॉक्स जोडलेला असतो. एका कंपनीच्या इंजिनाची भोकं दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला कशी जुळणार? ती जुळवायला लेथवर मध्ये बसणारी एक जाड प्लेट घडवावी लागते. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत यायला हवेत. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर एक मिलिमीटरची खूण पाहा. त्याच्या अगदी छोट्या अंशाचा फरक राहिला, तरी बेअरिंग घासतं, क्लच थरथरतो आणि काही दिवसांत पुन्हा सगळं उघडावं लागतं. क्लचप्लेटच्या मधले दातेही गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसणारे हवेत. सातारा-सांगलीच्या चांगल्या लेथवाल्यांना इथेच खरा मान आहे.

आणि डिझेलचं इंजिन बसवलं तर? ते बहुधा जास्त जड. कारण डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबतात की तीच तापून डिझेल पेटवते. तेवढा दाब सोसायचा तर अंग जाडजूडच हवं. ते वजन पुढे आलं की पुढच्या स्प्रिंगा दबतात, नाक खाली जातं, स्टिअरिंग जड होतं. गाडीचा तोलच बदलतो.

थोडं गणित करू

वही घ्या. आई-बाबांनाही शेजारी बसवा.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या चार फेऱ्यांमागे शाफ्टचा एक फेरा होतो. पुढे मागच्या चाकांच्या डब्यात शाफ्टच्या चार फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा. म्हणजे इंजिनाच्या 16 फेऱ्यांमागे चाकाचा एक. 3000 भागिले 16, झाले 187.5 फेरे. चाकाचा घेर 2 मीटर धरला तर मिनिटाला 375 मीटर, ताशी 22.5 किलोमीटर. घाट चढायला ठीक. आता वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो. मग 3000 भागिले 4, म्हणजे 750 फेरे, मिनिटाला 1500 मीटर, ताशी 90 किलोमीटर.

आता मूळ पेट्रोल इंजिन 5000 फेऱ्यांपर्यंत जाणारं होतं आणि तुम्ही बसवलेलं डिझेल इंजिन 3500 ला थकणारं आहे. वरच्या गिअरमध्ये दोघांचा वेग काढा बरं. पहिलं ताशी 150 आणि दुसरं ताशी 105! गाडी तीच, चाकं तीच. म्हणूनच इंजिन बदललं की गिअरबॉक्स आणि मागचा डबाही बदलावा लागतो. काँटेसाला पाचवा गिअर का मिळाला, ते आता लक्षात आलं?

ताकद वाढली, थांबायचं कसं?

पालकांनी हा भाग जरूर वाचावा.

वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर जितक्या अंतरात थांबते, त्याच्या साधारण चौपट अंतर ताशी 80 ला लागतं. आणि ती सगळी ऊर्जा जाते कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. सायकलचा ब्रेक उतारावर धरून ठेवलात आणि मग रिमला हात लावलात तर चटका का बसतो, ते यावरून कळेल. पन्नास हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी बनवलेले ब्रेक तसेच ठेवून तिला जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन देणं म्हणजे खंबाटकीच्या उतारावर नशिबाची परीक्षा पाहणं. चांगले ड्रायव्हर म्हणतात, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. मला विचाराल तर इंजिनबदलाच्या खर्चात ब्रेकचा खर्च आधी मांडावा, इंजिनाचा नंतर. पण शौकिनाला आधी आवाज हवा असतो!

उष्णतेचं दुखणं इंजिनालाही आहे. जळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानानं पाव हिश्श्याच्या आसपास ऊर्जाच चाक फिरवायला येते. बाकीची बहुतेक धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. मोठं इंजिन म्हणजे जास्त उष्णता, म्हणून मोठा रेडिएटर. आणि दुचाकीचं इंजिन चारचाकीत घातलं तर वेगळीच पंचाईत. मोटारसायकलचं इंजिन उघडं असतं, त्याच्या पात्यांवरून वारा जातो आणि ते थंड राहतं. त्याला बॉनेटखाली कोंडलं की वारा कुठला? रिक्षाचं इंजिनही झाकलेलं असतं, म्हणून त्याला हवा मारायला पंखा जोडलेला असतो. घरी गाडी करणाऱ्याला ही सोय स्वतः करावी लागते.

रांग वळते कशी?

दुचाकीचं इंजिन वापरण्यात एक मोठा फायदा आहे. त्याचा गिअरबॉक्स आणि क्लच त्याच्या पोटातच असतो, वेगळं काही जुळवायला नको. किकही आयती मिळते. छोटं एक सिलिंडरचं इंजिन पायानं फिरवता येतं. मोटारीचं चार सिलिंडरचं पायानं फिरणार नाही, म्हणून पूर्वी पुढून लोखंडी हँडल घालून फिरवत. हँडल उलटं बसलं की मनगटच गेलं!

पण दुचाकीच्या इंजिनाला मागे जाण्याचा गिअर नसतो. मोटारसायकल आपण पायानं मागे ढकलतो. चारचाकी मात्र मागे जाऊ शकलीच पाहिजे, असा नियम आहे आणि तो रास्त आहे. बोळात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर काय कराल?

दुसरी अडचण वळणाची. हा प्रयोग मी वर्गातल्या मुलांकडून मैदानावर करून घेते. चार मुलं एका लांब काठीला धरून ओळीत उभी करायची आणि ओळ वळवायची. आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरच्याला अक्षरशः पळावं लागतं. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही असंच. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घसरत जाणार. बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात, ताकद पुढून बैल लावतो. मोटारीत मात्र ताकद चाकांनाच द्यायची आणि शिवाय त्यांना वेगवेगळं फिरू द्यायचं! ही युक्ती करणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीला डिफरन्शियल म्हणतात. मागच्या बाजूला, दोन चाकांच्या मधे जो गोल फुगीर लोखंडी डबा दिसतो ना, तोच. आपण गणितात ज्याला मागचा डबा म्हटलं, तोही हाच.

आणि कागद

आता देवराष्ट्र्याच्या जीपचा प्रश्न सुटत आला. कंपनी जेव्हा नवी गाडी काढते तेव्हा तिचा ब्रेक, दिवे, धूर, मजबुती सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. ही संस्था 1966 पासून आहे. तिथे पास झालेल्या नमुन्याचीच गाडी आरटीओत नोंदवली जाते आणि तिला नंबर मिळतो. साताऱ्याचा एमएच 11, सांगलीचा एमएच 10, कराडचा एमएच 50. घरी एकट्यानं बनवलेली गाडी या वाटेनं गेलेलीच नसते. ती वाईट आहे असं नाही, पण ती रस्त्यावर कशी वागेल हे कुणी तपासलेलं नाही. आणि रस्त्यावर दुसऱ्यांची मुलंही चालत असतात.

इंजिनबदलाचंही असंच. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. सीएनजी किंवा विजेची मोटर बसवायची वाट कायद्यात ठेवली आहे, पण मान्यता असलेलं किटच बसवायचं आणि नोंद करायची. जुन्याच प्रकारचं इंजिन नव्यानं टाकायचं असलं तरी आरटीओची मंजुरी लागते. तेव्हा काँटेसावाल्या काकांनी चेन-कप्पी आणायच्या आधी आरटीओच्या खिडकीवर लेखी विचारलेलं बरं. मंजुरीशिवाय केलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे द्यायला हात आखडू शकते.

तुमच्या घरी दुचाकी किंवा चारचाकी असेल, विशेषतः जुनी विकत घेतलेली असेल, तर या रविवारी एक काम करा. बाबांकडून किंवा आईकडून आरसी मागून घ्या. त्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असे दोन नंबर असतात. गाडी बंद आणि थंड असताना, मोठ्यांच्या देखत, इंजिनाच्या अंगावर ठोकलेला नंबर शोधा. चिखल असेल तर फडक्यानं पुसा, कोरलेले आकडे नीट दिसत नसतील तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे उमटतील. मग एकेक अक्षर ताडून पाहा. जुळला तर उत्तम. नाही जुळला तर तुमच्या गाडीचंही इंजिन कुणीतरी, कधीतरी बदललेलं आहे, आणि सोमवारी कुणाला तरी आरटीओत जायचं आहे.